बेंगळूरचं पाणी किती अंशांना उकळतं

मार्च सरत आला की आमच्या रस्त्यावरच्या होंगेच्या झाडांखाली बारीक पांढुरक्या फुलांचा थर साचतो. होंगे म्हणजे करंज. चुरमुऱ्यांची पिशवी फाटावी आणि नेणाऱ्याला कळूही नये, तशी ती फुलं फुटपाथभर पसरलेली असतात. झाडणारी बाई सकाळी ती लोटते, दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच. शेजारीपाजारी म्हणतात, उन्हाळा आला. मला मात्र स्पिरिटचा, तापलेल्या पितळेचा आणि जुन्या रबरी नळीचा वास येऊ लागतो. इतकी वर्षं झाली, पण फुलं पडू लागली की माझा हात टेबलावर पेन्सिल शोधतो आणि तिला टोक आहे की नाही ते पाहतो.

यंदा फुलं पडायला आणि तन्वीचा फोन यायला एकच गाठ पडली. तन्वी, तू कॅनडात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स घेतलंस, त्याचा सगळा आराखडा मला वाचून दाखवलास. लॅबला इतके टक्के, घरच्या अभ्यासाला इतके, दर आठवड्याला छोटी परीक्षा, मधे दोन मोठ्या, शेवटी एक त्याहून मोठी.

"आणि अज्जी, सगळ्यात वाईट गेलेली छोटी परीक्षा ड्रॉप होते."

"ड्रॉप होते म्हणजे? पडते कुठे?"

"म्हणजे मोजतच नाहीत."

"अगं, मग देता कशाला?"

तू हसलीस. मग म्हणालीस, तरीही तुला भीती वाटते. आणि सगळ्यांनाच पेपर वाईट गेला तर प्राध्यापक सगळ्यांचे गुण थोडे वर उचलतात, त्याच्यावरच तुझी आशा आहे. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ बाल्कनीत उभी होते. वर उचलणं आमच्याकडेही होतं. पण आम्ही गुण नव्हतो उचलत, आम्ही थर्मामीटर उचलायचो. ते काय, हे तुला आणि तुझ्या भावाला, ओंकारला, नीट सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

पन्नासचं दशक संपायला आलं होतं. शाळा झाली की एक वर्ष पी.यू.सी. करायचं आणि मग तीन वर्षं बी.एस्सी., अशी नवी व्यवस्था नुकतीच आली होती. नवी असल्यामुळे ती कुणालाच पुरती ठाऊक नव्हती. लेक्चररही फळ्यावर काही लिहून मग स्वतःच त्याच्याकडे संशयाने बघत. पण फिजिक्सचा हिशोब पहिल्याच दिवशी सांगून झाला होता. वर्षभर काहीही करा, त्याचे गुण नाहीत. वर्षाअखेरीला एक लेखी पेपर शंभराचा, एक प्रॅक्टिकल पन्नासाचं. दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं. लेखीत नव्वद मिळवून प्रॅक्टिकलमध्ये बुडालात तर सगळंच बुडालं. ड्रॉप होण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आपण सोडून.

लॅबमध्ये प्रत्येक उपकरण एकेकच. त्यामुळे मुलींच्या जोड्या पाडून फिरती ठेवलेली असायची. या आठवड्यात ज्या टेबलावर एक जोडी बर्फ वितळवते आहे, तिथे पुढच्या आठवड्यात दुसरी. आमच्या वाट्याला आरसे आणि भिंगं आली ती 'प्रकाश' हा धडा सुरू होण्याच्या दोन महिने आधी. आणि लोलक आला तेव्हा आम्ही तो धडा विसरूनही गेलो होतो. मला आधी या उलटसुलटपणाचा राग यायचा. मला सगळं क्रमाने लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मसाल्याच्या डब्यातली मोहरीची वाटी जागची हलली तरी मला करमत नाही. पण त्या फिरतीचा मला पुढे असा उपयोग झाला, की तिच्यावरचा राग कायमचा गेला.

घरी माझ्या फिजिक्सकडे निरनिराळ्या नजरांनी पाहिलं जायचं. आई म्हणायची, "ही फिजिक्स नावाची बाई कोण, ती एकदा मला भेटू दे. माझी मुलगी जेवताना तिच्याशीच बोलते." अण्णा, म्हणजे माझे वडील, यांचं चिकपेटात साड्यांचं दुकान. आमचे पूर्वज कुठल्याशा स्वारीबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. त्या वर्षी तुमकूरच्या मामांनी एक स्थळ आणलं. मुलगा बँकेत, घर चांगलं, मुलगाही चांगलाच असणार; माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. तुमच्या आजोबांचा तेव्हा पत्ताही नव्हता. माझी अडचण एवढीच, की मला आत्ता तुमकूर नको होतं. मला बी.एस्सी. हवी होती, आणि तीही फिजिक्समध्येच.

अण्णांनी एका रविवारी मला समोर बसवलं.

"बघ सुमे, मी अडाणी बाप नाही. पण मामांना किती दिवस थांबवू? फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास आण, मी तुला बी.एस्सी.ला घालतो. नाही आला, तर तुमकूरला हो म्हणायचं. मग रडायचं नाही. सरी?"

"सरी," मी म्हटलं, म्हणजे कबूल.

आई आतून म्हणाली, "दोघं साडीचा भाव ठरवल्यासारखे बोलताय."

"भाव नव्हे," अण्णा म्हणाले, "शब्द."

आमच्या कॉलेजात फर्स्ट क्लासला प्रॅक्टिकलच आडवं यायचं. कागदावर बुद्धी चालवता येते. पण पितळेवर आणि पाण्यावर आपली हुशारी चालत नाही. म्हणून मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या एक शहाणपण जमवलेलं होतं. मद्रासला छापलेलं एक गाईड होतं, त्यात प्रत्येक प्रयोगाचं बरोबर उत्तर दिलेलं असायचं. उत्तर माहीत असलं की वाचनं त्याच्याकडे वळवून आणायची, गाय गोठ्याकडे वळवावी तशी.

त्यातली सगळ्यात जुनी युक्ती उष्णतेच्या प्रयोगांची. पितळेचे छर्रे वाफेवर तापवायचे, थंड पाण्यात ओतायचे, पाणी किती तापलं ते पाहायचं आणि त्यावरून पितळ किती उष्णता धरून ठेवतं ते काढायचं. त्यासाठी तापलेल्या छर्‍यांचं तापमान लागतं. आमचा थर्मामीटर सत्त्याण्णवावर जाऊन थांबायचा. पुढे नाहीच. बॉयलरमधून वाफ फुसफुसत असायची, नळी थरथरत असायची, पण पारा हट्टाने तिथेच. पाणी तर शंभरला उकळतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. तेव्हा वरच्या वर्गातल्या मुली खालच्या वर्गातल्यांना सांगून जायच्या, "आपल्या लॅबचे थर्मामीटर थकलेत. तीन अंश मागे आहेत. तीन मिळवायचे." कित्येक मुली बर्नर पेटवायच्या आधीच त्या रकान्यात शंभर लिहून मोकळ्या व्हायच्या. आमच्या मिस बिचार्‍या एवढ्या टेबलांमधून धावत असायच्या, की शंभर दिसलं की खाली सही.

माझी जोडीदारीण सरोजा. कानडी घरातली, वेणीत कायम कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा, आणि तोंडात कायम एक उपाय. मी सत्त्याण्णव लिहिलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"अय्यो हुच्ची! स्वल्प अॅडजस्ट माडे!"

हुच्ची म्हणजे वेडी. आणि पुढचं वाक्य बेंगळूरच्या बसमध्ये, बाकावर, भाड्याच्या खोलीत सगळीकडे चालतं. सरकून घे, जुळवून घे, जागा कर. माणसांसाठी ते फार सुंदर वाक्य आहे. मी जन्मभर त्याच्यावर निभावलं आहे. पण त्या दिवशी ते मला पटेना. आमच्या दुकानात कापड मोजायचा लोखंडी गज होता. अण्णा भाव कमी करत, उधार देत, गिऱ्हाइकाला कॉफीही पाजत; पण गजापुढे एक बोट कापड जास्त नाही आणि एक बोट कमी नाही. गजाशी अॅडजस्ट करायचं नसतं, हे मी चालायला शिकण्याच्या सुमारास शिकले होते.

नशिबाने त्या फिरतीमुळे आमच्या शेजारच्या टेबलावर बर्फाचा प्रयोग चालला होता. लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी, आणि तिच्याकडे जाताना मुलींनी उचलून धरलेले पदर. मी आमचा थर्मामीटर नेऊन वितळत्या बर्फात खुपसला. पारा शून्यावर आला. बरोबर शून्यावर. दुसरा मागून आणला, तोही शून्यावर. तिसरा, तसाच.

"सरोजा, हे थकलेले असतील तर इथे पण तीन मागे असायला हवेत ना?"

"बर्फात जरा ताजेतवाने झाले असतील," सरोजा म्हणाली. आम्ही इतक्या हसलो, की मिसनी आम्हाला वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं.

मिसना मी विचारलं होतं, एकदा नव्हे बऱ्याचदा. "नंतर, नंतर, घंटा झाली," असं त्या म्हणायच्या, आणि घंटा खरोखरच झालेली असायची. त्यामुळे परीक्षा आली तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की थर्मामीटर खोटं बोलत नाही. पाणी असं का वागतं, ते ठाऊक नव्हतं.

प्रॅक्टिकलचा दिवस उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, मागेपुढेच होता. दारांवर आंब्याची पानं अजून हिरवी होती. लॅबच्या दारातल्या टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. एक उचलायची. नाही आवडली तर एकदा बदलता यायची, पण बदलण्याचे गुण कापले जायचे. माझ्या आधीच्या मुलीने चिठ्ठी उचलली, वाचली आणि देवाचं नाव घेतलं. ते आनंदाने की दुःखाने, कळलं नाही. मी उचलली. पितळेचे छर्रे.

सरोजाने माझा चेहरा पाहून लांबून खूण केली, बदल. मी मान हलवली. बदलली असती तर फर्स्ट क्लास तिथेच टेबलावर राहिला असता.

मग पुढचा तास माझा होता. तसा तास आयुष्यात फार वेळा मिळत नाही. छर्रे तोलले, पाणी तोललं, बॉयलर पेटवला. खिडकीबाहेर होंगेची फुलं गळत होती आणि आत वाफ कुजबुजत होती. पारा चढत गेला आणि सत्त्याण्णवावर येऊन उभा राहिला. मी वाट पाहिली. आणखी पाहिली. शेजारच्या टेबलावरून सरोजाची कुजबूज आली, "मूरु सेरिसे!" तीन मिळव! उत्तर गाईडमधल्या उत्तराच्या जवळ आलं नाही तर निकालाचे गुण जातात, तोंडी परीक्षेत उलटतपासणी होते, आणि मग तुमकूर. सगळं माहीत होतं. मी रकान्यात सत्त्याण्णव लिहिलं, आणि पुसता येऊ नये म्हणून शाईने लिहिलं.

बाहेरचे परीक्षक समुद्रकाठच्या मंगळूरकडून आले होते. उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात चष्म्याचं घर. बोलणं सगळं इंग्रजीत. ते माझ्या टेबलाशी आले, कागदावरून बोट खाली नेलं आणि एका जागी थांबले.

"वाफेचं तापमान सत्त्याण्णव?"

"होय सर."

"पाणी किती अंशांना उकळतं?"

"शंभर, सर."

"मग हे काय आहे?"

"जे दिसलं ते आहे, सर."

"थर्मामीटर बिघडला असेल."

"नाही सर. बर्फात शून्य दाखवतो. मी पाहिलंय. लॅबमधले बाकीचेही दाखवतात."

आता त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मागे मिस उभ्या होत्या. त्यांचा हात गळ्यातल्या साखळीवर गेला.

"पाणी शंभरला उकळतं," ते सावकाश म्हणाले. "हे वाक्य पुस्तकात पूर्ण आहे का?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं. हवेचा दाब पाऱ्याच्या शहात्तर सेंटिमीटर उंचीइतका असताना पाणी शंभर अंशांना उकळतं. म्हणता म्हणता मलाच ते ऐकू आलं. इतके महिने मी ते वाक्य म्हणत होते, पण ऐकलं कधी नव्हतं.

"आणि इथे दाब किती आहे?"

"माहीत नाही, सर."

"मग माझ्यासमोर उभी राहून काय कळणार? तो बघ भिंतीवर. जा, वाचून ये."

लॅबच्या टोकाला खिडकीजवळ दाबमापक टांगलेला होता. त्याची आकृती मी डोळे मिटून काढू शकत होते. पण त्याच्यावरचा आकडा मी कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. गाईडात शहात्तर लिहिलेलं असताना भिंतीकडे कोण बघतो? मी टाचा उंचावून पाहिलं. पारा अडुसष्टच्या जरा वर होता.

तिथे, त्या खिडकीत, मला जो आनंद झाला त्याच्या जवळ जाणारं दुसरं काही मला सांगता येत नाही. मद्रास समुद्राला टेकून बसलेलं आहे. आम्ही पठारावर, वर. आमच्या डोक्यावर हवा कमी. पाण्यावरचं झाकणच हलकं, मग पाणी शंभरापर्यंत कशाला थांबेल? सत्त्याण्णवालाच ते उठून उभं राहतं. आणि हे फक्त या लॅबमध्ये नाही. या घडीला चिकपेटातल्या हॉटेलांच्या हंड्यांत, मल्लेश्वरमच्या स्वयंपाकघरांत, येलहंकाच्या स्टेशनवर चहावाल्याच्या किटलीत, अख्ख्या गावात पाणी सत्त्याण्णवाला उकळतं आहे, जन्मापासून उकळत आलं आहे. थर्मामीटर बिचारे वर्षानुवर्षं खरं सांगत होते आणि आम्ही त्यांना थकलेले म्हणत होतो. मी टेबलाशी परत आले ती जवळजवळ पळतच. तोंडी परीक्षा आहे, हे विसरून मी सगळं सांगून टाकलं. हातवारे करून, झाकण दाखवून.

परीक्षकांनी कोष्टकांचं पुस्तक उघडलं, दाबासमोरचा आकडा पाहिला, चष्मा काढला आणि एकदम मोठ्याने हसले. परीक्षेत परीक्षक हसतो, हे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. मुली दचकून वळल्या.

"माझी बहीण इथे बसवनगुडीत दिली आहे," ते मिसना म्हणाले. "लग्नाला बारा वर्षं झाली. ती म्हणते, बेंगळूरला डाळ शिजायला वेळ लागतो. आम्ही सगळी भावंडं तिला म्हणतो, तुलाच रांधता येत नाही! मी स्वतः फिजिक्स शिकवतो, आणि मीही हसत आलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज संध्याकाळी मला तिची क्षमा मागावी लागणार. तुझ्यामुळे."

"डाळ भिजत घातली तर लवकर शिजते, सर," मी म्हटलं. मिसनी डोळे मिटून घेतले.

पुढे त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना अजून मानते. त्यांनी टाळी वाजवली आणि विचारलं, उष्णतेचे प्रयोग कुणाकुणाकडे आहेत? हात वर झाले. "थर्मामीटर पुन्हा वाचा आणि दिसेल ते लिहा. वेळ वाढवून देतो." कुणाचे गुण कापले नाहीत, कुणाला खोटारडी म्हटलं नाही. लॅबभर पेनांचा खरखराट झाला. शंभर खोडले जात होते. आणि गंमत अशी, की सत्त्याण्णव धरल्याबरोबर सगळ्यांची उत्तरं आपोआप जागेवर येऊ लागली. शंभर धरलं की उत्तर नेहमी कमी यायचं, मग ते सावरायला मुली पाण्याचं वजन जरा वाढवायच्या. एका थापेला दुसरीचा टेकू. त्या दुपारी सगळे टेकू एकदम निघाले आणि काहीच कोसळलं नाही.

पुढच्या जूनपासून मिसनी एक नियम केला. प्रॅक्टिकलची सुरुवात दाबमापक वाचण्याने. ज्या मुलीची पाळी असेल तिने तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा.

तन्वी, तू वाचून दाखवलेला आराखडा मी पुन्हा आठवून पाहिला. तो आमच्यापेक्षा दयाळू आहे आणि मला ते आवडलं; एका दुपारवर मुलीचं सगळं आयुष्य टांगून ठेवणं काही चांगलं नव्हे. पण परीक्षा म्हणजे नुसती मोजणी, असं समजू नकोस. मला वर्षभरात जे कळलं नाही ते परीक्षेतच कळलं, आणि तेही कुणी "आणि इथे किती?" असं विचारल्यावर, त्या भिंतीपर्यंत स्वतः चालत गेल्यावर. भीती वाटली की तुझ्या लॅबच्या भिंतीवर काय टांगलंय ते बघून ये.

निकाल लागला तेव्हा मे महिना होता, गुलमोहर पेटलेले. गुणपत्रिका घेऊन मी कॉलेजातून थेट चिकपेटात गेले. दुकानात तुमकूरचे मामा बसले होते, समोर कॉफी. अण्णांनी गुणपत्रिका घेतली आणि कापडाचा पोत बघावा तसा प्रत्येक रकाना बोटाने चाचपला. फिजिक्स लेखी, फर्स्ट क्लास. फिजिक्स प्रॅक्टिकल, पन्नासपैकी पन्नास.

"पन्नासपैकी पन्नास असतात का कधी?" मामा म्हणाले. "तपासणाऱ्याचं काही चुकलं असेल."

"अहो, याच मुलीने त्या तपासणाऱ्याला त्याच्या बहिणीची माफी मागायला लावली," अण्णा म्हणाले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं साडी सोडून ऐकू लागली, आणि अण्णांनी त्यांना ती सगळी हकीकत कानडीतून, अडुसष्टाच्या आकड्यासकट, बिनचूक सांगितली. मी घरी एकदाच सांगितली होती.

मामांनी कॉफी संपवली. "मग तुमकूरला काय कळवू?"

अण्णांनी गुणपत्रिका घडी न घालता माझ्या हातात परत दिली.

"कळवा, आमची मुलगी तीन वर्षं मोकळी नाही. तिला काम आहे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू अजून इथेच? कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत जा आणि नाव घालून ये."